तुझी गप्प प्रार्थना, वहिनी

वहिनी, तुला माती देताना पास्टर म्हणाले, "आपल्या भगिनी अतिशय शांत स्वभावाच्या होत्या." मी मान खाली घालून उभा होतो, तरी पलीकडे तुझ्या शेजारणीने, कमलाबाईने, चटकन वर पाहिलेलं मला कळलं. नळावर भांडणारी तू, भाजीवाल्याचा तराजू हातात घेऊन तपासणारी तू, दादाला 'कानात मशीन लाव' हे अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगणारी तू. पास्टर बिचारे तुमसरहून रविवारपुरते येतात. त्यांनी तुला उपासनेतच पाहिलं, डोक्यावर पदर आणि डोळे मिटलेले. मला त्या जागी हसू फुटलं, हसता हसता रडू आलं, आणि लोकांना वाटलं मी नुसताच रडतो आहे. माझ्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला. तू असतीस तर तुला खरं काय ते कळलं असतं आणि घरी गेल्यावर तू माझी फिरकी घेतली असतीस.

तुला जाऊन आठवडाही झाला नाही. भेटायला येणारे तुझं वय विचारतात, काय झालं होतं विचारतात, मुलगा पुण्याहून वेळेत पोचला का ते विचारतात. मी सांगतो सगळं. पण तुझ्याशी बोलायचं राहिलंय ते यातलं काहीच नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते मला पुरं करायचं आहे.

तू आमच्या घरी नवरी होऊन आलीस तेव्हा मी शाळेत होतो, म्हणून मी तुला 'तू' म्हणत आलो. तू मला 'बाबू' म्हणायचीस. माझे केस पिकले तरी भर बाजारात 'ए बाबू' अशी हाक मारायचीस आणि माझ्या जीपमधल्या सवाऱ्या हसायच्या. दादा खाणीत, जमिनीखाली. मी वर, चिखला ते तुमसर जीप चालवणारा. दादाचे कान ड्रिल मशीनने गेले आणि माझा गळा 'तुमसर, तुमसर' ओरडून तयार झाला. कॉलनीच्या मागे आपली दोन घरं, दोघांच्या सांदवाड्या, म्हणजे मागच्या परसबागा, एकमेकांना लागून, मध्ये फक्त काट्यांचं कुंपण. तुझ्या मागच्या दारातून माझी सांदवाडी दिसायची. माझी वांगी तुझ्याकडे झुकायची आणि तुझ्या कोंबड्या माझ्याकडे यायच्या.

आपल्या मंडळीत प्रार्थना म्हणजे आवाज. सगळे एकदम मोठ्याने बोलणार, कुणी टाळ्या वाजवणार, कुणी रडणार, आणि त्या सगळ्यांवर चढणारा आवाज माझा. लहानपणापासून मला तेच येत होतं. रोज पहाटे जीप काढण्याआधी मी सांदवाडीत उभा राहून प्रार्थना करायचो. खाणीत उतरणाऱ्यांपासून दवाखान्यात पडलेल्यांपर्यंत एकेकाचं नाव घ्यायचो. आळीतल्या लोकांनी घड्याळाचा गजर लावणं सोडून दिलं होतं. तू एकदा कुंपणापाशी येऊन म्हणालीस, "देव बहिरा नाई हाय, बाबू. बहिरा तं तुया भाऊ हाय." मी म्हणालो, म्हणूनच मोठ्याने बोलतो, दोघांनाही पोचायला पाहिजे. त्या दिवशी तू हसून आत गेलीस. भांडण त्यानंतर सुरू झालं.

खरं म्हणजे त्याची सुरुवात आमच्या आईपासून आहे. आईचं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली, तेव्हा तिचं सगळं तू केलंस. ते आठवलं की मला तुझे पाय धरावेसे वाटतात, आणि मी ते कधी धरले नाहीत हेही आठवतं. आम्ही दोघे भाऊ आईपाशी बसलो की बडबड करायचो. 'आई, ओळखलं का, आई, आज डाळ केली आहे', असं काहीही. पाच मिनिटांत आमचं बोलणं संपायचं आणि आम्ही उठायचो. तू दुपारी काम आटोपून तिच्या खाटेजवळ बसायचीस आणि एक अक्षर बोलायची नाहीस. आई तुझ्याकडे पाहायची, तू तिच्याकडे. कधी दोघींचा डोळा लागायचा. आई गेली तरी त्या वेळेला तू त्याच जागी बसत राहिलीस. आधी आम्हाला वाटलं तुला आईचा घोर लागला आहे. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मायजवळ बसाचं ना, तसंच देवाजवळ बसाचं. ते काई बोलत नोयती, मी काई बोलत नोयती. पण होतो ना दोघी."

त्याला काय म्हणतात ते तुला ठाऊक नव्हतं. मलाही पुष्कळ नंतर कळलं की मठांत राहणारे लोक अशी प्रार्थना करतात आणि त्यांना वेळेवर घंटा वाजवून बोलावलं जातं. तुझा मठ म्हणजे तुझं स्वयंपाकघर आणि घंटा म्हणजे खाणीचा भोंगा. पाळी बदलण्याचा भोंगा झाला की हातातलं काम हातात ठेवून तू थांबायचीस. कणकेत हात असेल तर कणकेत. ज्या काळात दादा खाली उतरत होता, त्या काळात भोंगा झाला की बायकांचा जीव वर यायचा, माणूस दिसेपर्यंत. तू त्या वेळात एकच शब्द धरून बसायचीस, 'बापा'. मन भलतीकडे जातं त्याचं काय करतेस, असं मी एकदा चिडवायला म्हणून विचारलं. तू अंगणात धान वाळत घातलं होतंस. म्हणालीस, कोंबडी येते, तिला हुश म्हणायचं आणि पुन्हा बसायचं, तिच्या मागे गावभर धावायचं नाही. मी ते सगळ्या जीपला हसून सांगितलं. वहिनींच्या प्रार्थनेत कोंबड्या येतात म्हणून.

मग तुझा बुधवार सुरू झाला. मंडळीतल्या चार बायका दुपारी तुझ्याकडे येऊन बसायला लागल्या, गाणं नाही, शास्त्र वाचणं नाही, नुसतं बसणं. मला राग आला, वहिनी. मी तोंडावर म्हणालो की ही प्रार्थना नाही, ही झोप आहे. देवाने तोंड दिलंय ते कशाला? लेकरू बापाकडे मागताना रडून मागतं, कोपऱ्यात मुकाट बसून राहत नाही. तू म्हणालीस, "रडून झाल्यावर काय करते लेकरू?" मी जीप काढली.

कमलाबाईची गोष्ट त्याच सुमाराची. तुमचं दोघींचं नळावरून बिनसलं होतं आणि एका भिंतीला राहून तुम्ही एकमेकींचं तोंड पाहत नव्हता. त्या बुधवारी ती पाणी भरून जात होती. तिला दिसलं ते असं: तुझं दार सताड उघडं, बाहेर ओळीने चपला, आत बायका बसलेल्या आणि आवाज कुणाचा नाही. आपल्याकडे इतक्या चपला आणि इतकी शांतता एकत्र दिसते ती कुणी गेल्यावरच. तिने घागर तिथेच ठेवली. तू बसलेली आत अंधारात, कोपऱ्यात, तिला दिसलीच नाहीस, म्हणून तिने ठरवलं की गेली ती तूच. ती उंबऱ्याशी बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. ती बसलेली पाहून रस्त्याने जाणारी आणखी दोन माणसं येऊन ओट्यावर बसली. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण अशा वेळी विचारत नाहीत. कमलाबाईच्या सुनेने तर तिकडे तुमच्या घरासाठी भात टाकला.

तू आमेन म्हणून उठलीस आणि दारात आलीस. कमलाबाई तुझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "तू जित्ती हायेस?" तू म्हणालीस, "हाव. काहून?" तिने तुला आधी शिव्या दिल्या आणि मग मिठी मारली. टाकलेला भात वाया कशाला घालवायचा म्हणून तो सगळ्यांनी मिळून तुझ्याच ओट्यावर खाल्ला, मीसुद्धा खाल्ला. पुढच्या बुधवारी कमलाबाई आपणहून आली. तिच्या घरी तिचे देव, तिचे उपास, ते तिने सोडले नाहीत आणि तू सोडायला सांगितले नाहीत. ती म्हणायची, इथे बसलं की रडल्यासारखं हलकं वाटतं. मी तेव्हाही तुला म्हणालो की हे तुझ्या गप्प बसण्याचं फळ नाही, हा गैरसमजाचा भात आहे. तू म्हणालीस, असू दे, भात तर शिजला ना.

आणि मग माझाच आवाज गेला. आधी बसला, मग फाटला, मग सवाऱ्यांना 'तुमसर' कळेना. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ काढली आणि सांगितलं की काही महिने एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मी कसे मानणार? माझी बायको सुनंदा गमतीने म्हणाली, घर पहिल्यांदा घरासारखं वाटतंय. मी हसलो, पण पहाटे सांदवाडीत उभा राहिलो तेव्हा घाबरलो. तोंडातून आवाज नाही तर आत काहीच नाही असं वाटलं. मनातल्या मनात बोलून पाहिलं, ते दोन वाक्यांत विरून जाई. इतकी वर्षं मी ज्याच्याशी बोलत होतो तो तिथे आहे की नाही, की मी आपला माझाच आवाज ऐकत होतो, असं भय मला त्या पहाटे वाटलं. हे मी कुणालाच सांगू शकत नव्हतो, सांगायला तोंडच नव्हतं.

तुला कसं कळलं कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी तू सुपात तांदूळ घेऊन कुंपणाच्या फटीतून माझ्याकडे आलीस, चिंचेखाली बसलीस आणि खडे निवडायला लागलीस. माझ्यापुढेही मूठभर तांदूळ ठेवलेस. मला वाटलं आता जिंकल्याचं बोलशील, 'आलास ना वळणावर' म्हणशील. तू काहीच म्हणाली नाहीस. तांदूळ निवडून झाले आणि तू गेलीस. पुढच्या दिवशी पुन्हा आलीस. तुझ्या घरी इतके खडे असतील असं मला आधी वाटलं नव्हतं.

त्या दिवसांत मला काही दिसलं नाही, प्रकाश नाही, वाणी नाही. मनात सवाऱ्या येत, डिझेल येई, माझी जागा पटकावून बसलेला तो दुसरा जीपवाला येई. तो आला की मी तास तास त्याच्याशी भांडायचो, आतल्या आत. एका सकाळी मी त्याला मनातच हुश म्हणालो आणि माझं मलाच हसू आलं, आवाज न होता खांदे हलले. तू वर पाहिलंस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं माझ्यासाठीच आहे. तेव्हापासून भीती कमी झाली. आईच्या खाटेशी बसल्यासारखं वाटायला लागलं, फरक इतकाच की आता मी उठून जात नव्हतो. जीपवर परतलो तेव्हा त्या दुसऱ्या जीपवाल्याने माझ्या चार सवाऱ्या नेल्या आणि मी बोनेटवर हात आपटायच्या ऐवजी चहा प्यायलो. नाक्यावरच्या लोकांना वाटलं, औषधाने माणूस मऊ झाला.

हे तू मला दिलंस. स्पष्ट सांगतो, माझ्या आयुष्यात आईनंतर इतकं कुणी दिलं नाही. पण त्यासोबत एक बोचही आली. आवाज परत आला तो असा, फाटक्या पत्र्यासारखा. गाता येईना, चार वाक्यं बोललं की खोकला. रविवारी मी पुढे जाणं सोडलं, मागच्या बाकावर बसू लागलो. आणि एक दिवस तुला विचारलं, मग माझी इतक्या वर्षांची आरडाओरड वाया गेली का? तू पोटभर हसलीस. म्हणालीस, जा, तुझ्या सवाऱ्या उन्हात उभ्या आहेत. मी त्या हसण्याचा अर्थ 'हो' असा घेतला. वाईट वाटलं, पण तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल, असं धरून चाललो. त्यानंतर चारचौघांत मी मोठ्याने प्रार्थना केली नाही. पुढे कितीदा विषय आला, तू काहीतरी सांगायला लागायचीस आणि मी म्हणायचो, कळलं, कळलं. आपलं भांडण अर्धवट राहिलं ते इथे.

शनिवारी मातीच्या वेळी तुझ्या मुलाने माझा हात धरला. "काका, तुमी करा ना प्रार्थना." मी मान हलवली, नाही म्हणालो. सांगितलं की तुझ्या आईला शांतता आवडायची. त्याने माझा हात सोडला. पास्टरांनी प्रार्थना केली, चांगलीच केली. पण घरी येताना मला वाटत राहिलं की मी तुला काहीतरी द्यायचं तसंच खिशात घेऊन परत आलो.

काल बुधवार होता. बायकांनी मला निरोप दिला की या, आता ह्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. त्यांना वाटतं तू मला तयार केलंस म्हणून तुझ्या जागी मी. मी गेलो, पण तुझ्या जागी बसलो नाही, भिंतीशी बसलो. कमलाबाईने चटई घातली. दादाही आला. तो कधी बसत नसे, कारण त्याला आपली कुजबुज किती मोठी होते ते कळत नाही आणि तू त्याला हाकलून द्यायचीस. काल त्याला कोण हाकलणार? तो खुर्ची घेऊन बसला. आम्ही डोळे मिटले. मला 'बापा' शब्दही धरता येईना. सगळीकडे तूच होतीस आणि तुला हुश म्हणायला जीभ वळेना. मनात आलं, सांगून टाकावं बायकांना की हे तिच्याबरोबर संपलं, आपापल्या घरी जा.

तेवढ्यात खुर्ची सरकली. दादा उठला, जाऊन त्याने मागचं दार उघडलं, पुन्हा येऊन बसला आणि त्याच्या मते हळूच म्हणाला, "बाबू, तू काहून गप्प हायेस?"

सगळ्यांचे डोळे उघडले. मी ओठांवर बोट ठेवलं.

"मातीतबी गप्प, आजबी गप्प," तो म्हणाला. "ती सकाळी या दारात कायले बसत होती, ठाऊक हाय? तुयी प्रार्थना आयकाले. मले सांगे, बाबूचा आवाज आला का माहं मन जाग्यावर येते, मंग मले बसता येते. तुया आवाज गेला तवा लय रडली. मले बसताच येऊन नाई रायलं, म्हणे."

दादाला आपण किती मोठ्याने बोललो ते कळलं नव्हतं. तो माझ्याकडे पाहत होता, माझ्या तोंडाकडे.

वहिनी, म्हणजे ते सूप घेऊन तू यायचीस ते दिवस तेच होते. मला वाटायचं तुझ्याकडे भरपूर आहे आणि त्यातलं तू मला वाढते आहेस. तुझंही ताट रिकामंच होतं आणि तरी तू रोज कुंपण ओलांडून येत होतीस. ते डोळ्यांतलं पाणी मी माझ्या खात्यावर धरलं. मी विचारलं, वाया गेलं का, तेव्हा तू हसलीस ते मी इतका खुळा कसा याला हसलीस, आणि मी तुला सांगू दिलं नाही. तुझ्या शांततेला माझ्या आरडाओरडीचा टेकू होता, हे कुणाला सांगून खरं वाटेल? मला अजून पुरतं वाटत नाही. पण दादाला खोटं बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही.

मी उभा राहिलो. घसा साफ केला, तरी आवाज फाटकाच निघाला. "देवा बापा," मी म्हणालो, आणि तो आवाज आपल्याच घरात मला परका वाटला. बायकांनी माना खाली घातल्या, कमलाबाईनेही. पहिली दोन वाक्यं खोकल्यात गेली. मग आईचं नाव घेतलं, आईचं तू केलंस त्याबद्दल आभार मानले. तांदळांबद्दल मानले. दादाला एक शब्द ऐकू येत नव्हता, पण माझे ओठ हलताना पाहून त्याने हात जोडले. पुढे तुझं नाव आलं आणि तिथे मी अडलो. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. ओठ थांबले तसं दादाला वाटलं प्रार्थना संपली, आणि त्याने अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं "आमेन" म्हटलं.

बायका त्याच्यामागून आमेन म्हणाल्या. मग मीही म्हणालो.